रोटर हलला का?

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठे तेही विचारलं नाही. दारातच उभं राहून माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "चष्मा आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"जवळचं दिसते का दूरचं?"

"दोन्ही दिसतं."

"या मग."

घरात न नेता ते मला बाजूच्या टिनाच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे एक जुनी अँबेसेडर उभी होती. कधीकाळी पांढरी असावी, आता सायीच्या रंगाची झाली होती. बोनेट उघडं होतं. इंजिनाच्या बाजूला एका डबीचं झाकण काढून ठेवलेलं, आणि त्या डबीत काळ्या रंगाचा, अंगठ्याएवढा एक तुकडा दिसत होता.

"याले रोटर म्हणतात," ते म्हणाले. "याच्यावरची नजर काढायची नाही. मी खाली बसून पाना फिरवतो. हा हलला का सांगायचं. बस."

ते गाडीच्या तोंडाशी उकिडवे बसले. मला फक्त त्यांची पांढरी टोपी दिसत होती.

"हलला का?"

"नाही."

"नीट पाहा. आता?"

"नाही."

"थोडासा तरी हलला असन?"

पवनीत मी दोन दिवस खोल्या शोधत हिंडत होते. एका ठिकाणी न्हाणी नव्हती, दुसऱ्या ठिकाणी एकट्या बाईला द्यायची नव्हती. ही खोली स्वच्छ होती, वेगळा दरवाजा होता आणि माझी शाळा होती त्या कोंढ्याकडे जाणारी बस चौकातूनच मिळत होती. थोडासा हलला म्हणायला काय लागतं, असं मनात येऊन गेलं. पण तो तुकडा जागचा हललाच नव्हता.

"नाही हलला," मी म्हटलं.

ते उठले, पान्यावरचं तेल चिंधीला पुसलं आणि म्हणाले, "सामान केव्हा आणते?"

सामान आणलं त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोने, काकूंनी, चहा दिला आणि हळूच सांगितलं, "तुमच्या आधी दोघं जण येऊन गेले. दोघंही म्हणाले, हलला. अन यांनी पाना फिरवलाच नव्हता."

हे माझे घरमालक. गाव त्यांना साहेब म्हणायचं, मी काकाजी म्हणू लागले. सगळी नोकरी त्यांनी कालव्यावर काढलेली. कोणी रात्रीतून पाण्याचं दार उघडलं, कोणी पाळी नसताना पाणी वळवलं, हे शोधून काढणं हेच त्यांचं काम. निवृत्त झाले तरी ते काम त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. दूधवाल्याच्या सायकलच्या चाकाला चिखल असला की तो नाल्यावर कशाला थांबला होता असं ते विचारायचे. गॅसचं सिलिंडर आलं की उचलून बघायचे, मग आणणाऱ्यालाच उचलायला सांगून त्याचा चेहरा बघायचे. शेजारच्यांनी लाडू पाठवले तर काकूंना म्हणायचे, "काहून पाठवले असन?" आणि लाडू खायचे.

पहिल्या पंधरवड्यातच मला वाटू लागलं की मी चुकीच्या घरात आले. शाळेतून परत आले तर कुलूप उघडताना कडीतून एक वाळलेली काडी खाली पडली. दुसऱ्या दिवशीही पडली. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाकून बघितलं. धानाच्या तणसाची काडी होती, नखाएवढी तोडून कडीच्या सांध्यात नीट खोचलेली. माझ्या दारावर कोणीतरी पाळत ठेवत होतं. एकटी बाई, नवं गाव. मला घाम फुटला आणि मग राग आला. मी तशीच ती काडी घेऊन त्यांच्यासमोर गेले.

"हे तुम्ही लावता?"

"हो," ते म्हणाले. लपवालपवी नाही, काही नाही.

"माझ्यावर लक्ष ठेवायला?"

"तुह्यावर कायले ठेवू? तू त माह्या समोरच जाते अन समोरच येते. तू नसताना कोणी येते का, ते पाहून राहिलो होतो. कुलूप त कोणीही उघडते. काडी कोणी परत बसवत नाही."

कालव्याच्या दारांना ते अशाच काड्या लावत असत. सकाळी काडी खाली पडलेली दिसली की रात्री पाणी चोरलं गेलं हे कळायचं. माझ्या दाराला काडी लावणं बंद करा, असं मी सांगितलं. त्यांनी बंद केलं. निदान मला त्यानंतर सापडली नाही. पण नंतर कितीतरी महिने मी कुलूप उघडण्याआधी कडीकडे बघत असे. त्यांचा आजार मला लागला होता.

गाडी त्यांनी खात्याच्या लिलावात घेतली होती. याच गाडीत पुढच्या सीटवर बसून ते वरच्या साहेबांबरोबर कालवे बघत हिंडले होते. ती चालवायचे फारच कमी. महिन्यातून एखादा दिवस काकूंना मागे बसवून नदीपर्यंत जायचे आणि परत यायचे. शेडमध्ये गाडी लावली की पहिल्यांदा तो रोटर काढून रुमालात गुंडाळायचे आणि सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. "किल्ली चोरही बनवते," ते म्हणायचे. "रोटर कोठून आणन?"

तो रोटर त्यांच्याबरोबर बाजारात जायचा, लग्नाला जायचा, मयतीलाही जायचा. एकदा भाजीबाजारात घाम पुसायला रुमाल काढला आणि रोटर वांग्यांच्या ढिगात पडला. भाजीवालीने शोधून दिला. त्यावर तिला शाबासकी नाही, उलट हे विचारतात, "किती वेळ होता तुह्याजवळ?" ती म्हणाली, "घेऊन जा बापा, मले काय त्याची भाजी करायची आहे?"

दर रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी चेन तपासायचा कार्यक्रम असे, आणि त्यासाठीच मला खोली मिळाली होती. ते जे करत ते मला हळूहळू समजलं. इंजिनाच्या पोटात एक साखळी असते. खालचं चाक फिरलं की ती साखळी वरच्या दांड्याला फिरवते आणि त्या दांड्यावरून रोटर फिरतो. साखळी झाकणाच्या आत असल्यामुळे बाहेरून दिसत नाही. ती जुनी होऊन सैल पडली की वरचं आणि खालचं यांचं जमेनासं होतं, आणि फारच सैल झाली तर एखाद्या दिवशी दात सोडून इंजिनच फोडते. ती किती सैल झाली हे झाकण न उघडता बघायची युक्ती अशी, की खालचं चाक पान्याने सुलटं फिरवायचं, रोटर हलला की थांबायचं, खडूची खूण करायची. मग तेच चाक उलटं फिरवायचं. साखळी घट्ट असेल तर रोटर लगेच मागे फिरतो. सैल असेल तर चाक फिरत राहतं आणि रोटर मात्र जागेवरच बसून असतो. तो हलेल तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे चेनची ढील.

"सुलटं फिरवलं त सगळेच फिरतात," ते खालून म्हणायचे. "उलटं फिरवून पाहावं लागते."

हे काम एकट्याचं नव्हतं. खाली पाना धरणाऱ्याला वरचा रोटर दिसत नाही. शिवाय काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, जवळ आणून धरलेला खडूही त्यांना धूसर दिसायचा. ऑपरेशन करायला तयार नव्हते. "बेशुद्ध करून ते काय करतात, कोणी पाहिलं?" डोळ्याच्या ऑपरेशनला बेशुद्ध करत नाहीत असं त्यांची मुलगी प्रणाली सांगायची. ती भंडाऱ्याला एका तपासणी केंद्रात रक्त तपासायचं काम करत होती, रोज बसने जाऊन-येऊन. "मंग त अजूनच वाईट," ते म्हणायचे.

आधी प्रणालीच रोटर बघायची. पण तिने एकदा घाईत उत्तर दिलं, तेव्हापासून तिच्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. माझ्यावरही पूर्ण होता असं नाही. मधूनच पाना न फिरवता "हलला का?" म्हणायचे. मी नाही म्हटलं की खालून नुसता हुंकार यायचा.

मी आले तेव्हा दोन खुणांमध्ये त्यांचं एक बोट मावायचं. पावसाळा संपता संपता दीड मावू लागलं. दिवाळीनंतर जवळजवळ दोन.

"तू उशिरा सांगून राहिली," ते म्हणाले.

"हलला तेव्हाच सांगितलं, काकाजी."

"मागच्या वर्षी एक बोट होतं."

"मग चेन सैल झाली असेल. भंडाऱ्याच्या एखाद्या मिस्त्रीला दाखवा."

"मिस्त्री खराबच म्हणणार. त्याचं पोट त्याच्यावर आहे." ते उठून उभे राहिले आणि माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं, जसं विहिरीत बघतात. "तुले चष्मा लागला असन."

चेन सैल झाली हे त्यांना मान्य करायचं नव्हतं. काकू म्हणायच्या, यांना नोकरीत एकदाच कोणावर तरी विश्वास ठेवावा लागला. तेव्हा त्यांना ताप होता. कालव्याच्या दारावरच्या माणसाने सांगितलं, पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचलं. यांनी स्वतः न जाता ते मानलं. पाणी पोचलंच नव्हतं. काही दिवसांनी त्या गावचे लोक आले, वाळलेल्या धानाच्या पेंढ्या यांच्या ओसरीवर ठेवून निघून गेले. "तेव्हापासून असे झाले, असं लोक म्हणतात," काकू म्हणाल्या, आणि हसल्या. "पण खरं सांगू का? आमच्या लग्नात अंतरपाट निघाल्यावर यांनी माह्या भावाले विचारलं होतं, दाखवली होती ते हेच ना?"

त्या हिवाळ्यात प्रणालीला स्थळं येऊ लागली. चहापोहे झाले की काकाजी मुलाला म्हणायचे, "चला, गाडी दाखवतो." मग शेड, बोनेट, रोटर. मला बाजूला उभं राहायला सांगायचे. नागपूरचा एक मुलगा मोठ्या पदावर होता. तो डबीत न बघताच म्हणाला, "हो अंकल, हलला." दुसरा, साकोलीकडचा, बराच वेळ वाकून बघत होता. "थोडासा हलल्यासारखा वाटला," तो म्हणाला. काकाजींनी दोघांनाही फाटकापर्यंत पोचवलं आणि दोन्ही घरांना नकार कळवला. कारण विचारलं तर म्हणायचे, "दिसत नसताना दिसते म्हणणारा माणूस घरात नको."

प्रणाली त्या दिवसांत फार कमी बोलायची. मला वाटायचं ती नकारांनी खचली आहे.

तिसरा मुलगा करडीचा. नाव निलेश. गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. घरची धानाची शेती. आईबरोबर आला होता. काकाजींनी त्यालाही शेडमध्ये नेलं. मी नेहमीसारखी बाजूला उभी. काकाजी खाली बसले.

"हलला का?"

"नाही जी," निलेश म्हणाला.

"नीट पाहा."

"पाह्यलं जी. नाही हलला."

"अरे, मी फिरवून राहिलो ना! थोडासा तरी हलला असन."

"तुमी फिरवत असान, पण हा नाही हलला."

मग खालून पान्याचा आवाज आला. काकाजींनी आता खरोखर फिरवलं होतं, आधी सुलटं, मग उलटं.

"आता हलला," निलेश म्हणाला. मग जरा थांबून, "पण काकाजी, पाना फिरल्याचा आवाज आला अन हा लय वेळानं हलला. मधात एवढा वेळ काहून लागते?"

टोपी हळूहळू वर आली. काकाजींनी निलेशकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत निलेशकडे. आणि ते घरात गेले. पाहुणे गेल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं, "या पोराले आधीच सांगून ठेवलं होतं. मी पाना फिरवत नाही हेही सांगतलं, अन चेन ढिली आहे हेही."

"कोणी सांगणार?" काकू म्हणाल्या.

त्यांनी माझ्या खोलीच्या भिंतीकडे बोट केलं. मी पलीकडेच होते. मला सगळं ऐकू आलं.

मी तडक बाहेर आले. "काकाजी, मी त्या मुलाला आज पहिल्यांदा बघितलं."

"रोटर पाहणारे दोघंच," ते म्हणाले. "मी अन तू. मी त सांगतलं नाही."

"प्रणालीला माहीत आहे, काकूंना माहीत आहे."

"घरचे कायले सांगतीन?"

प्रणाली दारात उभी होती. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून काकाजी माझ्याशी बोलायचे बंद झाले. रविवारचं बोलावणं बंद. अंगणात समोरासमोर आलो तर आकाशाकडे बघायचे. करडीचं स्थळ तर मोडलंच. मी शाळेत माझ्या सहकारी बाईंना म्हटलं, दुसरी खोली बघायला लागेल. त्यांनी एक दोन दाखवल्याही. पण हो म्हणायची वेळ आली की मला वाटायचं, आत्ता गेले तर मी सांगितलं असंच ठरेल. जे केलं नाही ते अंगावर घेऊन कशाला जायचं? मी राहिले.

हे सगळं फिरवलं प्रणालीने. एका रविवारी ती शेडमध्ये गेली आणि बापाला म्हणाली, "चेन ढिली नाही असं तुमचं म्हणणं आहे ना? झाकण उघडून पाहू."

"मिस्त्री नाही आणायचा."

"मिस्त्री नाही. तुमीच उघडा. मी मदत करतो."

दिवसभर काम चाललं होतं. मी खिडकीतून बघत होते. आधी रेडिएटरमधलं पाणी सोडलं, मग तो काढला. पुलीचा नट निघेना, तेव्हा काकूही पान्याला लोंबकळल्या. झाकणाचा शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा उन्हं कलली होती. प्रणालीने खिडकीकडे बघून हाक मारली, "ताई, या." मी गेले. काकाजींनी हरकत घेतली नाही.

त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी हात घातला. अंगठ्याने साखळी दाबली. ती आत गेली, भलतीच आत गेली. त्यांनी परत दाबली. मग त्यांची बोटं काढून ठेवलेल्या झाकणाच्या आतल्या बाजूवरून फिरली. तिथे साखळीने घासून घासून चकचकीत चरे पाडले होते. चांगले खोल. ते त्या चऱ्यांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. एका महिन्यात असे चरे पडत नाहीत हे कोणालाही कळलं असतं.

"कोणी तरी चेन बदलली," ते म्हणाले.

"बाबा," प्रणाली म्हणाली, "रोटर तुमच्या खिशात. शेडची किल्ली तुमच्या कमरेले. कोण बदलन?"

ते झाकण मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. प्रणालीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांना दिसलं नसावं. पण आवाजावरून काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी मान वर केली आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "उद्या सुट्टी घे. करडीले जायचं आहे. तुले अन त्या पोराले समोरासमोर उभं करतो. कालव्यावर असंच करत होतो. दोघांतला एक जण बोलतेच."

मला नाही म्हणता आलं असतं. पण माझंही डोकं सणकलं होतं. एकदा काय तो निकाल लागू दे, असं म्हणून मी सुट्टी टाकली.

आम्ही न कळवता गेलो. भंडाऱ्याला बस बदलून करडीला पोचलो तेव्हा निलेशची आई अंगणात धान वाळवत होती. ती गोंधळली, पदर सावरत आत गेली, खुर्च्या आणल्या. काकाजी बसले नाहीत. त्यांनी गोठ्याकडे बघितलं, विहिरीच्या रहाटाकडे बघितलं, जितकं दिसत होतं तितकं. निलेश जेवायला घरी आला होता. हात धुऊन बाहेर आला.

"मॅडमले ओळखते का?" काकाजींनी विचारलं.

"त्या दिवशी पाह्यलं होतं. शेडमध्ये."

"त्याच्या आधी?"

"नाही जी."

"तुले कोणी सांगतलं होतं का, मी पाना फिरवत नाही म्हणून?"

निलेशने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "कायचा पाना?" मला वाटलं, आता हा नाही म्हणेल आणि आपण सगळे असेच परत जाऊ, आयुष्यभर एकमेकांकडे बघत.

"हो जी," तो म्हणाला. "सांगतलं होतं."

"कोणी?"

"प्रणालीनं."



"आमची ओळख आहे," निलेश म्हणाला. "दोन वर्षं झाले. भंडाऱ्याले जनावरांचं रक्त तपासायले मी तिच्या केंद्राच्या बाजूले जातो, तिथं झाली. तिले वाटलं, सरळ सांगतलं त तुमी नाही म्हणान. म्हणून मी स्थळ घेऊन आलो. तिनं सांगतलं होतं, बाबा पाना फिरवत नाही, तवा तू नाहीच म्हणजो."

"अन चेन ढिली आहे, तेही तिनंच सांगतलं?"

"नाही जी. ते मले दिसलं."

मी खुर्चीत बसले. महिनाभर मी ज्यासाठी घरात वाळीत पडले होते ते प्रणालीचं काम होतं, आणि ती माझ्यासमोर दारात उभी राहून गप्प बसली होती. त्या क्षणी मला तिचा संताप आला. नंतर तिने माझे हात धरून माफी मागितली आणि आमचं जुळलं, पण त्या अंगणात मला तिला दोन शब्द ऐकवावेसे वाटत होते.

काकाजी मात्र हसत होते. मी त्यांना हसताना आधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, टोपी तिरकी झाली होती. "मले माहीतच होतं," ते म्हणत होते. "मी म्हटलं होतं ना, सांगून ठेवलं आहे! मले माहीतच होतं!" मग त्यांनी निलेशचा दंड पकडला, तोंड जवळ नेऊन त्याचा चेहरा बघायचा प्रयत्न केला. "खोटं काहून नाही बोलला? नाही म्हटलं असतं त मी काय करणार होतो?"

"तुमी इतक्या दुरून आले," निलेश म्हणाला. "अन मॅडमवर आळ आला होता. मले ते आताच समजलं."

काकाजी खुर्चीवर बसले आणि निलेशच्या आईला म्हणाले, "बाई, चहा ठेवा."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मांडवात काकाजी स्वयंपाक्याच्या पाठीमागे उभे होते, तूप कुठे जातं ते बघत. गाडीला नवी चेन भंडाऱ्याच्या मिस्त्रीनेच घातली. काकाजी पूर्ण वेळ त्याच्या हातावर हात ठेवून बसले आणि जुनी चेन मागून घेतली, न जाणो तीच परत बसवली असेल तर. माणूस बदलला वगैरे काही नाही.

पण मला जास्त आठवते ती करडीहून परतीची बस. भंडाऱ्यापासून आम्ही शेजारी बसलो होतो. ते खिडकीशी. बाहेर कापणी झालेल्या धानाच्या बांध्या होत्या, तळ्यांत पाणी होतं. अड्याळ गाव मागे पडलं.

"तुले माहीत नव्हतं," ते मग म्हणाले. विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

"मी तेच सांगत होते तुम्हाला."

"हो."

"मग महिनाभर का बोलला नाहीत?"

त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. "पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "तू खोली सोडून जाते का."

माझ्या डोळ्यांपुढे मी बघितलेल्या त्या दोन खोल्या आल्या. राग यायला हवा होता, आलाही थोडा. "आणि गेले असते तर?"

"त मी बरोबर ठरलो असतो." बस खड्ड्यातून गेली, आम्ही दोघंही हललो. ते बाहेरच बघत होते. "पण या वक्ताले मले बरोबर ठरायचं नव्हतं."